शेडर भाषांतर शिकायचंय? मग गेम जरा बाजूला ठेव

भावा, गेम अडखळला म्हणून थेट ड्रायव्हरचा कोड उघडलास, नाद खुळा! पण मेसाचा, म्हणजे लिनक्सवरच्या मुक्त ग्राफिक्स ड्रायव्हरांच्या संचाचा, पसारा रंकाळ्यासारखा आहे, काठाकाठानंच उतर.

आधी साखळी समजून घे. विंडोजच्या डायरेक्टएक्स ११ चा गेम शेडर, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर चालणारा छोटा प्रोग्राम, देतो डीएक्सबीसी या बाइटकोडमध्ये. डीएक्सव्हीके हे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवायचं भाषांतराचं साधन त्याचं स्पर-व्ही (व्हल्कन या ग्राफिक्स प्रणालीला कळणारं रूप) करतं. मेसा ते एनआयआर या आपल्या मधल्या रूपात आणतं. बरीचशी काटछाट इथंच होते. एएमडीचं कार्ड असेल तर पुढं आरएडीव्ही या मेसाच्या व्हल्कन ड्रायव्हरमधला एसीओ हा कंपायलर मशीन कोड काढतो. जुन्या लेखांत तिथं एलएलव्हीएम हा दुसरा कंपायलर दिसेल, पण २०२० पासून एसीओच डिफॉल्ट आहे.

सध्या एवढंच कर:

- स्वतः चार ओळींचा फ्रॅगमेंट शेडर (पिक्सेलचा रंग ठरवणारा) लिही आणि त्याचा एनआयआर छापून वाच. गेमचे शेडर हजारो ओळींचे असतात, डोकं फिरेल.
- मेसाचा डीबग बिल्ड (चुका शोधायला बनवलेली आवृत्ती) वेगळ्या फोल्डरमध्ये ठेव. सिस्टिमच्या मेसावर टाकलास आणि काही बिघडलं, तर डेस्कटॉपच उठायचा नाही.
- छापताना शेडर कॅश बंद ठेव. नाहीतर तयार कोड कॅशमधून येतो, कंपायलर चालतच नाही आणि तू रिकाम्या टर्मिनलकडं बघत बसतोस. नवीन पोरं हमखास इथंच अडकतात.

चित्र चुकीचं दिसलं की लगेच ड्रायव्हरला शिव्या नकोत. तेच लॅव्हापाइप या मेसाच्याच ड्रायव्हरवर, म्हणजे सीपीयूवर, चालवून बघ. तिथंही तसंच दिसलं तर गडबड बहुतेक आधीच्या टप्प्यात आहे.

रजिस्टर वाटपाकडं (कुठली किंमत चिपच्या कुठल्या रजिस्टरात ठेवायची ते ठरवणं) आत्ता वळूच नकोस. अडलास तर एनआयआरचा आउटपुट जोडून विचार, नुसता स्क्रीनशॉट नको.