वाचकांचे प्रश्न : डायनोवर पिकअपची ताकद कमी का दिसते?

प्रश्न : माझ्याकडे टर्बो डिझेल इंजिनाचा, मागच्या चाकांना ओढ देणारा पिकअप आहे. उत्पादकाच्या माहितीपत्रकात १५० अश्वशक्ती असे लिहिले आहे. नुकतीच ही गाडी रोलरच्या डायनॅमोमीटरवर, म्हणजे शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर (डायनोवर) तपासून घेतली, तर हातात आलेल्या कागदावर १२१ हा आकडा होता. उरलेली २९ अश्वशक्ती गेली कुठे? इंजिन थकले असे समजावे का?

उत्तर : एवढ्या एका आकड्यावरून इंजिन थकल्याचे सिद्ध होत नाही. उलट, आपल्यासारख्या गाडीचा असा निकाल अपेक्षेच्या मर्यादेतच बसतो.

माहितीपत्रकातील शक्ती फ्लायव्हीलपाशी (इंजिनाच्या दांड्यावरील जड चाकापाशी) मोजलेली असते, म्हणजे इंजिन चाचणीच्या बाकावर बसवून आणि थेट त्याच्या दांड्यावर भार देऊन. रोलरच्या यंत्रावर जे मोजले जाते ते टायर आणि जमीन जिथे भेटतात त्या ठिकाणी उरलेले असते. या दोन ठिकाणांच्या मध्ये क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शियल, बेअरिंग आणि टायर आहेत, आणि त्यांतला प्रत्येक भाग थोडी शक्ती उष्णतेच्या रूपाने खातो. पिकअपचा मागचा एक्सल भार वाहण्यासाठी घडवलेला, जड असतो. त्याच्या डिफरन्शियलमधील दाते एकमेकांवर घासत फिरतात आणि तिथले तेलही घट्ट असते. त्यात जाड खाचांचे टायर असतील, तर रोलरवर त्यांचा रबर सतत दबत-फुगत राहतो आणि तोही आपला वाटा घेतो. ही तूट साधारण १० ते २० टक्क्यांच्या दरम्यान असते.

दुसरा मुद्दा एककाचा आहे आणि तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. अश्वशक्ती एकच नाही. मेट्रिक अश्वशक्ती म्हणजे ७३५.५ वॉट, तर ब्रिटिश पद्धतीची अश्वशक्ती म्हणजे ७४५.७ वॉट. माहितीपत्रकातील १५० मेट्रिक असतील, तर ते ११०.३ किलोवॉट होतात. यंत्राने १२१ ब्रिटिश अश्वशक्ती दाखवली असेल, तर ते ९०.२ किलोवॉट झाले. अशा वेळी खरी तूट १९ टक्के नसून १८ टक्के ठरते. फरक लहान आहे. पण एखादा नवा सुटा भाग बसवून मिळालेल्या दोन-तीन अश्वशक्तींवर जेव्हा चर्चा रंगतात, तेव्हा तो नगण्य राहत नाही. म्हणूनच निकाल किलोवॉटमध्ये मागून घ्यावा, असे मी आग्रहाने सांगतो.

चाकांवरचा आकडा घेऊन त्यात सरसकट १५ टक्के मिळवायचे आणि ‘हीच इंजिनाची शक्ती’ असे म्हणायचे, ही प्रथा फार रूढ आहे. ती मला मान्य नाही. तुटीचा काही भाग भाराबरोबर वाढतो आणि काही भाग केवळ वेगाबरोबर, त्यामुळे सर्व गाड्यांना आणि सर्व वेगांना लागू पडेल असा एक टक्का अस्तित्वातच नाही. काही यंत्रे चाचणीनंतर क्लच दाबून गाडी आपोआप मंदावू देतात आणि त्या मंदावण्यावरून तूट काढतात. ही पद्धत अधिक चांगली आहे. परंतु त्या वेळी दात्यांवर भार नसतो, हे लक्षात ठेवावे.

आता इंजिन थकले आहे की नाही याचे उत्तर कागदावरच्या शिखराच्या आकड्यात नसून आलेखाच्या रेषेच्या आकारात शोधावे. किलोवॉटमधील शक्ती म्हणजे न्यूटन मीटरमधील टॉर्क (दांडा फिरवणारा जोर) गुणिले मिनिटाला होणारे फेरे भागिले ९५४९. समजा, आपले इंजिन २००० फेऱ्यांना ३५० न्यूटन मीटर टॉर्क देते, तर त्या क्षणी शक्ती सुमारे ७३ किलोवॉट असते. आणि ३६०० फेऱ्यांना ११० किलोवॉट मिळत असतील, तर तिथे टॉर्क सुमारे २९२ न्यूटन मीटरवर उतरलेला असतो. भार घेऊन चढ चढणाऱ्या पिकअपचे आयुष्य बहुतांशी पहिल्या प्रदेशात जाते, दुसऱ्यात फार थोडे. तेव्हा १५०० ते २५०० फेऱ्यांच्या दरम्यान टॉर्कची रेषा भरलेली आणि सपाट आहे का, हे आधी पाहावे. तिथे रेषा उशिरा उठत असेल, तर टर्बोच्या नळीतील गळती किंवा टर्बोची पाती नियंत्रित करणारी यंत्रणा तपासावी. सुरुवात चांगली होऊन वरच्या फेऱ्यांना रेषा लवकर कोसळत असेल, तर तुंबलेला इंधन फिल्टर, तुंबलेला एअर फिल्टर किंवा एक्झॉस्टमधील अडथळा यांचा संशय घ्यावा. रेषा दातेरी असेल, तर टायर घसरत असल्याची शक्यता इंजिनातील दोषाच्याही आधी विचारात घ्यावी.

प्रश्न : तपासणी कोणत्या गिअरमध्ये करावी? आणि हौदा रिकामा ठेवावा की त्यात वजन भरावे?

उत्तर : ज्या गिअरचे प्रमाण १ ला १ किंवा त्याच्या सर्वांत जवळ असेल, तो गिअर निवडावा. पाच गिअरच्या बहुतेक गाड्यांत तो चौथा असतो. या प्रमाणात अनेक गिअरबॉक्समध्ये शक्ती सरळ पार होते आणि दात्यांतील घर्षण कमी राहते. खालच्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे फार झपाट्याने वाढतात आणि फ्लायव्हीलसारख्या फिरत्या भागांना वेग देण्यातच बरीच शक्ती खर्च होते, म्हणून आकडा कमी दिसतो. स्वयंचलित गिअरबॉक्स असेल, तर चाचणीच्या मध्येच गिअर उतरू नये आणि टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी तेलातून शक्ती पुढे देणारा भाग) बंदिस्त राहावा, याची खात्री चालकाने करावी.

हौद्याचा प्रश्न महत्त्वाचा आहे. रिकाम्या पिकअपचे मागचे टोक हलके असते आणि डिझेलचा टॉर्क एकदम आला की टायर रोलरवर घसरतात. त्यावर उपाय म्हणून गाडी यंत्राला बांधणारे पट्टे इतके आवळले जातात की टायर रोलरमध्ये रुतावेत; मग घसरणे थांबते, पण टायर अधिक दबल्यामुळे तूट वाढते. हौद्यात एक्सलच्या बरोबर वर थोडे वजन घट्ट बांधून ठेवणे आणि पट्टे बेताने आवळणे, हा मला अधिक योग्य मार्ग वाटतो. दोन्हींपैकी काहीही केले तरी ते नोंदवून ठेवावे आणि पुढच्या वेळी तसेच करावे. टायरमधील हवेचा दाब मोजून घ्यावा. जुने, तडे गेलेले टायर चढवून यंत्रावर मुळीच जाऊ नये, कारण तिथे रस्त्यावरची वाहती हवा नसते आणि टायर लवकर तापतात.

यंत्राचा प्रकारही विचारून घ्यावा. एका प्रकारात जड ढोल असतो आणि तो किती झपाट्याने वेग घेतो त्यावरून शक्ती काढली जाते. दुसऱ्या प्रकारात विद्युतचुंबकीय ब्रेक ढोलाला हवा तेवढा भार देतो. ही दुसरी कल्पना जुनी आहे : फ्रेंच अभियंता गास्पार द प्रोनी यांनी १८२१ मध्ये फिरत्या दांड्याला लाकडी ठोकळ्यांनी आवळून, तरफेला वजन टांगून शक्ती मोजण्याची रीत मांडली होती. टर्बो डिझेलसाठी भार देणारे यंत्रच बरे. केवळ ढोलाच्या यंत्रावर चाचणी काही सेकंदांत उरकते आणि ढोल हलका असेल, तर टर्बोचा दाब पूर्ण भरण्याआधीच इंजिन पुढे निघून जाते, त्यामुळे खालच्या फेऱ्यांचा टॉर्क प्रत्यक्षापेक्षा दुबळा दिसतो.

प्रश्न : माझा पिकअप चारही चाकांवर चालतो. दोन चाकांच्या रोलरवर तो तपासता येईल का?

उत्तर : गरजेनुसार फोर व्हील जोडता येत असेल, तर ते सोडून, केवळ मागच्या चाकांवर तपासता येईल. चारही चाके कायम जोडलेली असतील, तर दोन रोलरच्या यंत्रावर गाडी चढवू नये; ट्रान्सफर केसची (पुढच्या व मागच्या चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या पेटीची) हानी होऊ शकते आणि गाडी यंत्रावरून उसळण्याचा धोकाही असतो.

प्रश्न : इंजिनाच्या नियंत्रकात बदल करून देणाऱ्याने ‘आधी’ आणि ‘नंतर’चे कागद दाखवले. त्यांत २० अश्वशक्तींची वाढ दिसते. विश्वास ठेवावा का?

उत्तर : दोन्ही कागदांवरील तापमान, हवेचा दाब आणि दुरुस्ती गुणक आधी पाहावे. हवा विरळ किंवा गरम असेल तर इंजिनाला ऑक्सिजन कमी मिळतो, म्हणून निकाल ठरावीक हवामानाला आणून लिहिण्याची पद्धत आहे. एसएई या वाहन अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेच्या जे१३४९ या मानकात २५ अंश सेल्सिअस आणि ९९ किलोपास्कल कोरडी हवा धरतात. जर्मनीच्या डीआयएन ७००२० मध्ये २० अंश आणि १०१.३ किलोपास्कल धरतात. दुसऱ्या मानकाची हवा अधिक थंड आणि दाट असल्याने तोच निकाल त्यात मोठा दिसतो. ‘आधी’चा कागद एका मानकाचा आणि ‘नंतर’चा दुसऱ्याचा असेल, तर वाढीचा काही भाग निव्वळ गणिताचा आहे.

टर्बो इंजिनाच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. हवेचा दाब ९० किलोपास्कल असलेल्या उंच ठिकाणी, नैसर्गिक श्वसनाच्या पेट्रोल इंजिनासाठीचे एसएईचे सूत्र लावल्यास निकाल सुमारे १२ टक्क्यांनी वाढतो. टर्बो मात्र विरळ हवेची उणीव बऱ्याच अंशी स्वतःच भरून काढतो, म्हणजे जी घट झालीच नाही तिची भरपाई कागदावर मिळते. म्हणून दुरुस्ती न केलेले आकडेही मागावेत. ते देण्यास प्रामाणिक तपासनीस नकार देणार नाही.

खरी तुलना हवी असेल तर एकाच दिवशी, एकाच यंत्रावर, गाडी पट्ट्यांतून न सोडता, बदलाआधी तीन आणि नंतर तीन फेऱ्या घ्याव्यात. प्रत्येक वेळी शीतकाचे आणि इंटरकूलरमागील (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागामागील) हवेचे तापमान सारखे झाल्यावरच पुढची फेरी सुरू करावी, कारण इंटरकूलर तापला की नियंत्रक स्वतःहून इंधन कमी करतो. तीन फेऱ्यांमध्ये आपसांतच जेवढा फरक दिसेल, तेवढी वाढ मोजूच नये. टॉर्कच्या आकड्याची आणखी एक खोच आहे. डिझेलला स्पार्क प्लग नसल्यामुळे इंजिनाचे फेरे निदान सॉकेटमधून किंवा गिअरच्या प्रमाणावरून घ्यावे लागतात. ते प्रमाण चुकीचे भरले तर चाकांवरील शक्ती बरोबर येते, पण इंजिनाचा टॉर्क चुकतो. शक्ती जुळते आणि टॉर्क अचानक भलताच वाढलेला दिसतो, असे आढळले तर प्रथम हीच नोंद तपासण्यास सांगावे. वाढ खरी निघाली, तरी ती १८०० फेऱ्यांच्या आसपास एकदम आलेली असेल, तर आपला क्लच आणि गिअरबॉक्स किती टॉर्क पेलू शकतात हे उत्पादकाच्या पुस्तिकेतून पाहून मगच तो बदल गाडीत कायम ठेवावा.