मुलीच्या कपड्यांवरून रस्त्यात होणारा त्रास थांबवायचा, तर घरच्यांनी काय करावे?

आपण लिहिले आहे की, लातूरला शिकवणीसाठी राहणाऱ्या आपल्या बहिणीला जीन्स घातल्यावरून येता-जाता टोमणे ऐकावे लागतात आणि परवा तर एकाने तिचा दंड धरला. तेव्हा तिला 'साधे' कपडे घालायला सांगावे का? सांगू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. परभणी जिल्ह्यातील एका गावात शिक्षिका म्हणून तीस वर्षे जे पाहिले, त्यावरून ते बनले आहे.

मी रुजू झाले तेव्हा मुलींना निळा स्कर्ट आणि पांढरा ब्लाऊज असा गणवेश होता. शाळा सुटल्यावर फाट्यावर एसटीची वाट पाहणाऱ्या मुलींना हॉटेलच्या बाकड्यावर बसलेली पोरे त्या स्कर्टवरून नको नको ते बोलत. पालकांनी तक्रार केली, म्हणून शाळेने गणवेश बदलून सलवार-कमीज केला. महिनाभरात तीच पोरे ओढण्या ओढू लागली. पुढे सायकलवर येणाऱ्या मुली उन्हामुळे तोंडाला स्कार्फ बांधू लागल्या, तर "तोंड झाकून कुणाला भेटायला चालली?" हे सुरू झाले. मुलींचे कपडे बदलत गेले, बाकडे मात्र जागचे हलले नाही.

ते हलले कसे, हेही सांगते. आम्ही चार शिक्षिका आणि काही मुलींच्या आया महिनाभर रोज पाच वाजता फाट्यावर जाऊन उभ्या राहिलो. हॉटेलवाल्याने आधी कानावर हात ठेवले, पण रोज चहाला येणाऱ्या बापमंडळींनी त्याला दोन शब्द सुनावले तेव्हा त्याने बाकडे उचलून आत घेतले, आणि आगाराला अर्ज देऊन आम्ही एसटीचा थांबा शाळेच्या फाटकासमोर आणून घेतला. त्रास समूळ गेला नाही. पण बोलणाऱ्याला गाव आपल्याकडे बघते आहे हे कळले, आणि मुली मान वर करून चालू लागल्या.

माझ्या मनाला अजून टोचते ते वेगळेच आहे. नववीतल्या एका हुशार मुलीने हा त्रास घरी सांगितला, तर पुढच्या आठवड्यात तिची शाळा बंद झाली आणि दिवाळीनंतर तिचे लग्न लावून दिले. बाकीच्या मुलींनी त्यावरून घ्यायचा तो धडा घेतला आणि घरी सांगणेच सोडले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षांच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के, तर परभणी जिल्ह्यात ४८ टक्के आढळले. या भागातल्या मुली गप्प का राहतात, हे त्यावरून समजून घ्यावे. म्हणून सर्वांत आधी बहिणीला आई-वडिलांसमोर शब्द द्या की, काहीही झाले तरी तिची शिकवणी बंद होणार नाही. आपल्या बहिणीने आपल्याला सांगितले, यातच तिचा आपल्यावरचा विश्वास दिसतो, तो जपा.

आता कायद्याविषयी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनुसार अश्लील शेरे किंवा हावभाव करून स्त्रीचा विनयभंग करणाऱ्याला कलम ७९ खाली तीन वर्षांपर्यंत, त्याच हेतूने अंगाला हात लावणाऱ्याला कलम ७४ खाली किमान एक आणि कमाल पाच वर्षे कैद होऊ शकते. पाठलागासाठी कलम ७८ आहे. या कलमांत स्त्रीने काय घातले होते याचा शब्दही नाही. तारीख, वेळ, जागा आणि तिथे हजर असलेल्यांची नावे बहिणीला वहीत लिहून ठेवायला सांगा. प्रसंग घडत असतानाच ११२ वर फोन करता येतो, आणि नंतर कोणत्याही पोलीस ठाण्यात, हद्द कुणाचीही असो, गुन्हा नोंदवता येतो. असा जबाब महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो.

ठाण्यात तिच्यासोबत जा, पण बोलू तिलाच द्या. कुणी "तिने काय घातले होते?" असे विचारलेच, तर तक्रारीशी त्याचा संबंध नाही असे शांतपणे सांगा, आणि गुन्ह्याच्या नोंदीची (एफआयआरची) प्रत, जी विनामूल्य मिळते, हातात घेतल्याशिवाय तिथून उठू नका.