पाच एकरांवर दहा गाई पाळून, सेंद्रिय पद्धतीने, गोठ्यातच चीज बनवलं तर फार्म स्वयंपूर्ण होईल का?

बऱ्याच अंशी होईल, पण आधी चाऱ्याचा हिशेब मांडा, चीज नंतर. आम्ही गाई पाळतो आणि थोडं चीजही बनवतो, त्यावरून सांगतो.

एका गाईला रोज २०-२५ किलो ओला चारा आणि ५-६ किलो कडबा लागतो. म्हणजे दहा गाईंना वर्षाला साधारण ७३-९१ टन ओला चारा. पाणी असेल तर नेपिअर गवत एक-दीड एकरात तेवढा देतो, पण नुसत्या नेपिअरवर दूध टिकत नाही. जोडीला लसूणघास हवा, बांधावर शेवगा, सुबाभूळ. उन्हाळ्यासाठी मक्याचा मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) पावसाळ्यातच भरून ठेवा. सरकी पेंड मात्र विकतच आणावी लागते, तेव्हा 'शंभर टक्के स्वयंपूर्ण' हे मनातून काढून टाका.

शेणाचं गणित सोपं आहे. साधारण ५० किलो शेणावर दोन घनमीटरचा गोबरगॅस चालतो. दूध ६३ अंशांवर अर्धा तास तापवायला तो कामी येतो आणि उरलेली स्लरी (पातळ शेणखत) परत चाऱ्याच्या पिकाला जाते.

आता चीज. दूध ३२ अंशांवर आणून विरजण, मग मायक्रोबियल रेनेट, म्हणजे दूध घट्ट जमवणारं, सूक्ष्मजीवांपासून केलेलं विकर. जमलेल्या दुधात चाकू घालून बोटाने हलकेच उचलायचं. चीर स्वच्छ फाटली आणि फटीत हिरवट निवळी (दुधातून सुटलेलं पाणी) दिसली तर कापायला घ्या. दुधाळ दिसली तर थांबा. कासदाहावर (कासेच्या सुजेवर) प्रतिजैविक दिलेल्या गाईचं दूध डॉक्टर सांगतील तितके दिवस वेगळं काढा. तेवढं एक दूध मिसळलं तर अख्ख्या पातेल्याला विरजण लागत नाही.

दहा लिटर दुधाचं जेमतेम किलोभर चीज होतं, बाकी सगळी निवळी. ती ओढ्यात सोडू नका; वासरांना हळूहळू सवय लावून पाजा.

गौडासारखं मुरवायचं चीज करायला १०-१३ अंशांची ओलसर खोली महिनोन्‌महिने लागते. आपल्याकडची वीज बघता हे मला महागडं कौतुक वाटतं. सुरुवात हलुमीने करा, ते चीज मुरवावं लागत नाही. फूड लायसन्सचं काम मात्र पहिल्या विक्रीच्या आधी उरका.

आणि गोऱ्ह्यांचं काय करणार? महाराष्ट्रात २०१५ पासून बैल-वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे, म्हणजे प्रत्येक गोऱ्हा तुमच्याच चाऱ्यावर. औताला लावणार नसाल तर गाई पाचच ठेवा, किंवा लिंगनिर्धारित वीर्याबद्दल (ज्यातून बहुतेक कालवडीच होतात) पशुवैद्यकांशी बोला.