उत्तर: पिशवीसोबत अंडाशयही काढून टाकू का? (वय ४५, ठाणे)

ताई, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि नंतर झोप लागली नाही. सात महिने अंगावरून जातंय, एचबी (हिमोग्लोबिन) ८.२, सोनोग्राफीत पिशवीत, म्हणजे गर्भाशयात, अडीच सेंटिमीटरची गाठ. डॉक्टर म्हणाले, 'दोन मुलं झालीत, पिशवीचं काम संपलं. सोबत अंडाशयही काढून टाकू, पुढची कटकट नको.' जाऊबाई म्हणतात, दिवाळीच्या सुट्टीत उरकून घे. आणि तुम्ही विचारताय की यानंतर तब्येत आणि मन पहिल्यासारखं राहतं का, पन्नाशीकडे जाताना काय सांभाळायचं.

'पुढची कटकट नको' हे शब्द मी पंधरा वर्षांपूर्वी इथेच ठाण्यात, एका इस्पितळाच्या केबिनमध्ये ऐकले होते. तेव्हा मी ४४ वर्षांची होते.

मी डॉक्टर नाही. लेखा विभागात नोकरी करून निवृत्त झालेली बाई आहे. खाली जे लिहिते ते माझ्या शरीरावर झालेलं आणि नंतर चांगल्या डॉक्टरांकडून समजून घेतलेलं आहे. तुमचा निर्णय तुमच्या तपासण्या बघूनच व्हायला हवा. आहार, चालणं, लोहाच्या गोळ्या चहासोबत न घेणं वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात जात नाही. मी माझ्या एका सहीबद्दल लिहिते.

माझीही गाठ लहानच होती. एचबी ७.६ वर आलं होतं. ठाणे स्टेशनचा पूल चढताना मधल्या टप्प्यावर थांबावं लागायचं. ऑफिसात खुर्चीवर काळी ओढणी घालून बसायचे. या अवस्थेत कोणी 'काढून टाकू' म्हटलं की सुटका झाल्यासारखं वाटतं, तुम्हालाही तसंच वाटत असणार. त्यात मला सांगितलं गेलं की ठेवलं तर उद्या कॅन्सर होऊ शकतो. तो शब्द कानावर पडल्यावर यांनीही पुढे काही विचारलं नाही. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी, हिरवा गाऊन घालून, हाताला सलाइन लावलेलं असताना, पेन्सिलने फुल्या मारलेले चार इंग्रजी कागद पुढे आले आणि मी फुलीवर सह्या केल्या. तीस वर्षं दुसऱ्यांची बिलं तपासली, बेरीज जुळल्याशिवाय कुठे सही केली नाही, आणि स्वतःच्या शरीराचा कागद वाचला नाही. ही माझ्या आयुष्यातली सर्वांत महाग पडलेली सही.

रक्त थांबलं, एचबी वर आलं. पण तिसऱ्या आठवड्यापासून छातीतून गरम वाफ मानेवर, चेहऱ्यावर चढायला लागली. रात्री तीन-तीनदा कपडे बदलायचे. झोप दोन तासांवर आली. मुलगी दहावीत होती, तिच्यावर मी अशी ओरडायचे की ती खोलीचं दार लावून घ्यायची. नंतर मी स्वयंपाकघरात बसून रडायचे आणि का रडतेय तेही कळायचं नाही. सासूबाई म्हणायच्या वय झालं, मैत्रिणी म्हणायच्या पिशवी काढली की असं होतंच. मीही तेच धरून चालले. चार वर्षं!

पिशवी काढणं आणि अंडाशय काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पिशवी गेली की पाळी थांबते, पण अंडाशय जागेवर असले तर ते इस्ट्रोजेन हे बाईचं हार्मोन बनवत राहतात. आपल्याकडे बायकांची पाळी साधारण ४६-४७ च्या आसपास आपोआप जाते. त्याआधीची काही वर्षं इस्ट्रोजेन चढउतार करत हळूहळू कमी होतं आणि शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो. दोन्ही अंडाशय एका सकाळी काढले की तो वेळ मिळत नाही. वाफा, झोप, चिडचिड हा दिसणारा भाग झाला. न दिसणारा भाग म्हणजे हाडं विरळ होत जातात आणि पुढे हृदयविकाराचा धोकाही वाढतो.

४८ व्या वर्षी, जुलैत, तलावपाळीला पाय घसरला. फक्त उभ्याची पडले आणि मनगट मोडलं. हाडाच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि म्हणाले, या वयात एवढ्याशा पडण्याने हाड मोडायला नको, एका फिजिशियनना दाखवून या. त्या बाईंनी जुनी फाइल मागितली. डिस्चार्ज कार्ड वाचून म्हणाल्या, 'तुमचे दोन्ही अंडाशय काढलेत. त्यानंतर हार्मोन कोणी सुरू केले नाहीत?' मी म्हटलं, नाही हो, माझी फक्त पिशवी काढली आहे. त्यांनी कार्ड माझ्याकडे वळवलं आणि तीन अक्षरांवर बोट ठेवलं: बीएसओ. म्हणजे दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि अंडाशय काढले. ते कार्ड चार वर्षं माझ्या कपाटात होतं. मेडिक्लेमसाठी मी त्याच्या झेरॉक्सही काढल्या होत्या.

डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, केली. मणक्याचा टी स्कोअर उणे २.७ आला. उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. ४८ व्या वर्षी.

मग मला एकच जाणून घ्यायचं होतं: माझे अंडाशय खराब होते का? काढलेला प्रत्येक भाग तपासायला जातो, त्याचा बायोप्सी रिपोर्ट येतो. ऑपरेशननंतर दीड महिन्यानी मी तो घ्यायला तीनदा गेले होते. एकदा 'अजून आला नाही', एकदा 'रेकॉर्डवाले साहेब रजेवर आहेत', एकदा 'डॉक्टरांच्या केबिनला विचारा' आणि केबिनने परत खिडकीवर पाठवलं. अर्ध्या दिवसाच्या तीन रजा गेल्या, मी नाद सोडला. चार वर्षांनी प्लास्टर घातलेला हात घेऊन पुन्हा त्याच खिडकीवर उभी राहिले तेव्हा मान वरही न करता उत्तर मिळालं की तीन वर्षांपुढच्या फायली आम्ही ठेवत नाही. त्यामुळे माझ्या अंगातून काढलेले दोन अवयव चांगले होते की वाईट, हे मला आजही माहीत नाही. पाळी, हाडं, सगळ्याची मी समजूत घातली. याची अजून घालता आलेली नाही.

म्हणून हे लिहून ठेवा. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल झालेल्या रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपणं बंधनकारक आहे, आणि रुग्णाने मागितले तर ७२ तासांत द्यावे लागतात. तोंडी मागू नका. साध्या कागदावर अर्ज करा, दोन प्रती न्या, एकीवर तारखेचा शिक्का घ्या. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशन नोट्स आणि बायोप्सी रिपोर्ट, तिन्ही कागद हातात आल्याशिवाय फाइल बंद झाली असं समजू नका. हे मी मला भेटणाऱ्या प्रत्येक बाईला सांगते, पुरुषांनाही.

आता तुमच्याबद्दल. अंडाशय का काढायचे, हा प्रश्न सरळ विचारा आणि उत्तर लिहून मागा. सोनोग्राफीत त्यांच्यात काही सापडलंय का? घरात कोणाला, आईला, मावशीला, बहिणीला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झालाय का? झाला असेल किंवा बीआरसीए या, असे कॅन्सर घराण्यात आणणाऱ्या जनुकाची तपासणी पॉझिटिव्ह असेल तर हिशेब वेगळा, तिथे काढणंच शहाणपणाचं ठरू शकतं. तसं काही नसेल आणि कारण फक्त 'पुढची कटकट नको' एवढंच असेल, तर माझ्या मते ते कारण नाही. हे माझं मत, आणि ते ठाम आहे.

पिशवीबद्दलही घाई नको. थायरॉइड कमी असला तरी असा रक्तस्राव होतो, तुमच्या पोस्टमध्ये टीएसएचचा, म्हणजे थायरॉइडच्या रक्ततपासणीचा, उल्लेख नाही. ४५ नंतर असं जात असेल तर पिशवीच्या अस्तराची बायोप्सी व्हायला हवी. ती न करता कॅन्सरची भीती घालणं मला अन्याय वाटतो. रक्तस्राव कमी करायला पाळीच्या दिवसांत घ्यायच्या ट्रॅनेक्सॅमिक अॅसिडच्या गोळ्या आहेत. हार्मोन सोडणारी कॉइल पिशवीत बसवतात, तिने अस्तर पातळ होतं आणि रक्त खूप कमी होतं. गाठ पोकळीत घुसलेली असेल तर ही कॉइल सगळ्यांना चालत नाही, पण विचारायला काय हरकत आहे? पाळी गेल्यावर अशा गाठी बहुधा आपणहून आकसतात. एचबी वाढवायला शिरेतून लोह देता येतं. ते वर आलं की डोकं शांत होतं आणि मग निर्णय नीट घेता येतो. मी उलट क्रमाने गेले.

तरी एक सांगते. तासाला एक पॅड भिजत असेल, चक्कर येत असेल तर ही सगळी चर्चा बाजूला ठेवून इस्पितळ गाठा. आणि पिशवी काढावीच लागली तर त्यात हरल्यासारखं काही नाही. माझ्या शेजारणीची मोठ्या गाठींमुळे काढली, अंडाशय ठेवले, ती आज साठीत येऊरला माझ्यापुढे चढते.

बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या २०१९ मध्ये आल्या तेव्हा आमच्या सोसायटीत सगळ्या हळहळल्या. मला मात्र वाटलं, मी तर शहरातली, पगारदार, शिकलेली, आणि माझंही हेच झालं. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर राज्यांना तीन महिन्यांत केंद्राच्या मार्गदर्शक सूचना लागू करायला सांगितलं, विनाकारण पिशव्या काढणं थांबावं म्हणून. दुसऱ्या डॉक्टरांचं मत मागायला कोणी नाक मुरडलं तर हे मनात असू द्या.

माझं पुढे काय झालं तेही सांगते. त्या फिजिशियन बाईंनी एका स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून मला इस्ट्रोजेन सुरू केलं, वयाच्या ५१ पर्यंत. पिशवी नसल्यामुळे सोबत दुसरं हार्मोन लागलं नाही. हे सगळ्यांना चालत नाही, स्तनाचा कॅन्सर झालेल्यांना तर सहसा नाहीच, म्हणून माझं बघून घेऊ नका. दोन आठवड्यांत झोप परत आली. त्या रविवारी मी मुलीला जवळ बसवून सगळं सांगितलं. तोवर ती कॉलेजात गेली होती. ती म्हणाली, 'मला वाटायचं तुला मी नकोशी झालेय.' तिची ती चार वर्षं मला परत देता येणार नाहीत.

हार्मोन थांबवल्यावर हाडांसाठी आठवड्याची गोळी पाच वर्षं घेतली. उपाशीपोटी, ग्लासभर पाण्यासोबत, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. सोबत नाचणी, तीळ, दूध, डॉक्टरांनी ठरवलेलं व्हिटॅमिन डी. यावरून आठवलं: ६० हजार युनिटची ती डीची पुडी लोक वर्षानुवर्षं दर आठवड्याला घेत राहतात, तसं करू नका, रक्त तपासून मात्रा ठरते. आणि सोसायटीत टाच मशीनवर ठेवून हाडांची फुकट तपासणी होते, त्या आकड्यावर घाबरूही नका आणि निर्धास्तही होऊ नका. खरी डेक्सा खुब्याची आणि मणक्याची.

चालण्याने मन मोकळं होतं, पण हाडांना आणि स्नायूंना वजन लागतं, हे मला पन्नाशीनंतर कळलं. उपवनला चकरा मारून मी समाधानी होते. मग आठवड्यातून दोनदा दोन किलोचे डंबेल, खुर्चीवरून हात न टेकता उठबस, एका पायावर उभं राहणं सुरू केलं. आता पाच किलो उचलते. गेल्या वर्षीचा टी स्कोअर उणे २.१ आहे. भाजीची पिशवी घेऊन तिसऱ्या मजल्यावर न थांबता जाते.

आणखी एक, जे बायका इथेही लिहीत नाहीत. पाळी गेल्यावर आतला कोरडेपणा येतो, जवळीक दुखरी होते, लघवीला जळजळतं. आम्ही दोघं दोन वर्षं एकमेकांपासून तोंड चुकवून झोपत होतो आणि कारण कोणीच बोलत नव्हतं. त्यावर लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम मिळतं, डॉक्टरांना सांगावं लागतं इतकंच. लाज वाटली तरी सांगा. माझ्या संसारात हसणं परत आलं त्यात या क्रीमचा मोठा वाटा आहे.

दिवाळीपर्यंत वेळ आहे. सोनोग्राफीत गाठ पोकळीत आहे की भिंतीत, अस्तराची जाडी किती मिलिमीटर, आणि टीएसएच किती, एवढं इथे लिहा. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना तेच आधी लागेल. ऑपरेशन ठरलंच तर संमतीपत्राची प्रत दोन दिवस आधी घरी मागून घ्या आणि कुठले अवयव काढणार ते मराठीत लिहून घ्या. सोबत यायला कोणी नसेल तर मला व्यक्तिगत निरोप करा. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी मी मोकळी असते.