सुट्टीसाठी घर भाड्याने देणार आहे, पहिले पाहुणे तीन आठवड्यांनी येतील. घर नेमकं कसं तयार करावं?

दोन बेडरूमचं घर, चार माणसांची सोय, फर्निचर आलंय, फोटोही काढून झालेत आणि आता उरलेल्या तीन आठवड्यांत काय करू, असं तुम्ही विचारलंय. माझं मत विचाराल तर सजावट इथेच थांबवा. पाहुणे पडद्याच्या रंगावरून सहसा कुरकुर करत नाहीत. कुलूप उघडलं नाही, दुसऱ्या माणसाला गरम पाणी पुरलं नाही, पलंग रात्रभर वाजला, यावरून करतात. आणि नेमके हेच दोष मालकाच्या नजरेतून सुटतात, कारण त्याचा हात सवयीने चालतो. दार किंचित वर उचलून किल्ली फिरवायची, गिझरचं बटण बाथरूमच्या बाहेर आहे, एक नळ उलटा फिरतो, हे त्याला पाठ असतं. नवख्या माणसाला यातलं काहीच माहीत नसतं.

म्हणून पहिलं काम हे की चार माणसांनी फक्त एकेक बॅग घेऊन दोन रात्री तिथे राहायचं. आपल्या घरून काहीही आणायचं नाही. चमचा कमी पडला तर कमीच पडू द्या, तेच तर कळायला हवं. त्यातला एक जण असा हवा ज्याने हे घर कधी पाहिलेलं नाही. त्याला पाहुण्यांना पाठवणार तोच मेसेज पाठवा आणि अंधार पडल्यावर एकट्याला आत शिरायला सांगा. त्याचा फोन आला तरी उचलू नका. जिथे जिथे तो अडेल ते लिहून काढा. तुमच्या कामांची खरी यादी ती. हे याच आठवड्यात करा. शेवटच्या दोन दिवसांत दोष सापडले तर प्लंबर हाताशी असेलच असं नाही.

दाराचं आधी बघू. कोड टाकून उघडणारं कुलूप सोयीचं आहे, प्रत्येक पाहुण्यागणिक कोड मात्र बदलायचा. सेल कुठले घालायचे ते कुलपाच्या माहितीपत्रकात बघून घ्या, बऱ्याच कुलपांना साधे अल्कलाइनच चालतात. चार्ज करायचे सेल घातले की गडबड होते. त्यांचा दाब १.२ व्होल्टच्या आसपास बराच वेळ टिकून राहतो आणि शेवटी एकदम कोसळतो, त्यामुळे ‘बॅटरी संपत आलीय’ हा इशारा वेळेवर मिळत नाही. ठरावीक महिन्यांनी सगळे सेल एकदम बदला, जुन्या-नव्यांची सरमिसळ नको. साधी किल्ली एका छोट्या कोडच्या पेटीत बाहेर असू द्याच. आणखी एक गोम आहे. काही सिलिंडर कुलपांत (सिलिंडर म्हणजे किल्ली ज्या नळीत फिरते ती) आतल्या बाजूने किल्ली लावलेली राहिली की बाहेरची किल्ली पूर्ण आत जातच नाही. पाहुणा आत किल्ली ठेवून दार ओढून घेतो आणि बाहेर अडकतो. आतून किल्लीऐवजी फिरवायची मूठ असलेला सिलिंडर बसवला की हा प्रश्न मिटतो, शिवाय आग लागली तर अंधारात किल्ली शोधत बसावं लागत नाही.

आता पाणी. गिझरचा हिशोब कागदावर मांडून बघा. २५ लिटरची टाकी, आतलं पाणी ६० अंश, नळाचं थंड पाणी २० अंश. दोन्ही मिसळून अंघोळीचं ४० अंशांचं पाणी जेमतेम ५० लिटर होतं, प्रत्यक्षात थोडं कमीच, कारण टाकीत शिरणारं थंड पाणी आतलं पाणी निववत जातं. शॉवर मिनिटाला ८ ते १० लिटर ओढतो. म्हणजे पाच-सहा मिनिटांत पाणी संपलं. तीच टाकी २ किलोवॉटच्या कॉइलवर परत तापायला सुमारे ३५ मिनिटं लागतात. चार माणसं सकाळी निघायच्या घाईत असतील तर दुसऱ्यालाच थंड पाणी मिळणार. एकतर टाकी मोठी घ्या, नाहीतर कमी पाणी सोडणारा शॉवर बसवा. दोन्ही जमत नसेल तर ‘दोन अंघोळींमध्ये अर्धा तास जाऊ द्या’ असं बटणाशेजारी सरळ लिहा. आधी सांगितलेली अडचण लोक चालवून घेतात. उलट बाजूही ध्यानात ठेवा. ६० अंशांचं पाणी अंगावर पडलं तर काही सेकंदांत भाजतं, त्यामुळे मुलं येणार असतील तर ठरावीक तापमानापुढे पाणी गरम होऊ न देणारा नळाचा मिक्सर बसवलेला बरा. टाकीतलं तापमान खाली आणून हे साधायला जाऊ नका, कोमट साठवणीत लेजिओनेला हा जंतू वाढतो.

घर काही आठवडे बंद असेल तर पाहुणे यायच्या आदल्या दिवशी सगळे नळ आणि शॉवर काही मिनिटं वाहते सोडा आणि खिडक्या उघडा. बंद घरात येणारा गटारासारखा वास बहुतेक वेळा सांडपाण्याच्या जाळीखालच्या वाकड्या पाइपातलं पाणी आटल्याने येतो. ते पाणी म्हणजे गटारातल्या वायूला लावलेलं बूच असतं. ते सुकलं की वायू थेट घरात येतो. मग लोक सुगंधी फवारे मारतात आणि दोन वास एकमेकांत मिसळतात. प्रत्येक जाळीत, बेसिनमध्ये आणि वॉशिंग मशीनच्या सांडपाण्याच्या पाइपात एकेक तांब्या पाणी ओता, वास जातो. फार दिवस बंद राहणार असेल तर वरून चमचाभर तेल सोडा, पाणी सावकाश आटतं. बाथरूममध्ये बेसिनच्या किंवा टाइलच्या कडांना नवं सिलिकॉन (फटीतून पाणी जाऊ न देणारा रबरासारखा लेप) भरायचं असेल तर त्यानंतर निदान २४ तास तिथे पाणी लागू देऊ नका, नाहीतर ते सुटून येतं आणि मागे बुरशी धरते.

पलंगाचे बोल्ट एकदा आवळून भागत नाही. नवं लाकूड आणि जोड थोड्या वापराने बसतात, मग ते ढिले पडतात. त्या दोन रात्रींनंतर पान्याने परत आवळा, गादीखालच्या पट्ट्या जिथे चौकटीला घासतात तिथे फेल्टचे (जाड लोकरी कापडाचे) तुकडे चिकटवा. गादीवर पाणी न झिरपणारं कव्हर घाला, पण प्लास्टिकसारखं चुरचुरणारं नको, त्यावर झोप लागत नाही. उशांनाही अभ्र्याच्या आत चेनचं कव्हर हवं. चादरींचे प्रत्येक पलंगामागे तीन संच ठेवा: एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. दोनावर भागेल असं वाटतं, पण वेळेचं गणित जुळत नाही. पाहुणे ११ वाजता निघतात, पुढचे ३ वाजता येतात. सुती कपड्यांचं ६० अंशांचं धुणं दोन-अडीच तास खातं, वाळवणं वेगळं. चार तासांत धुऊन, वाळवून, इस्त्री करून तीच चादर परत घालणं हा जुगार आहे. टॉवेल माणशी एक मोठा, एक छोटा आणि वर दोन जास्तीचे, सगळे पांढरे. पांढरा रंग दिसायला छान म्हणून नाही, गरम पाण्याने आणि ब्लीचने धुता येतो म्हणून. मेकअप पुसायला दोन काळे नॅपकिन ठेवा, पांढरे टॉवेल वाचतात. नवे टॉवेल न धुता ठेवू नका. त्यांच्यावर कारखान्यातला मऊपणाचा लेप असतो, पाणी टिपलं जात नाही आणि ओल्या अंगाला धागे चिकटतात. दोनदा धुवा, सॉफ्टनर न घालता, कारण तोही असाच लेप चढवतो.

ओले टॉवेल वाळत घालायला जागा मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. बाथरूममध्ये माणशी निदान एक हुक आणि कपड्यांसाठी एखाद-दोन जास्तीचे लावा. टाइलवर चिकटवलेले हुक वाफेने सुटतात, भोक पाडून बसवा. प्रत्येक उशीपाशी सॉकेट, दिवा आणि चष्मा ठेवण्याइतकी जागा हवी. अंथरुणावरून न उठता दिवा मालवता आला पाहिजे.

साफसफाईचा क्रम ठरवून भिंतीच्या कपाटात आतून चिकटवा, कारण पुढे हे काम दुसरं कुणीतरी करणार आहे. आधी चादरी काढून मशीन लावायचं, मग स्वयंपाकघर, मग बाथरूम, वरून खाली धूळ, सगळ्यात शेवटी फरशी. बाथरूममध्ये एक गोष्ट लोक उलटी करतात. पाणी मारून मग केस गोळा करायला जातात. ओला केस टाइलला चिकटून बसतो, फडक्याने फक्त इकडून तिकडे सरकतो आणि वाळल्यावर पांढऱ्या फरशीवर ठळक दिसतो. कोरडं असतानाच व्हॅक्यूम किंवा झाडू फिरवा, कमोडच्या मागे सुद्धा, मग पाणी. जंतुनाशक फवारून लगेच पुसलं तर त्याचा उपयोग होत नाही, बाटलीवर लिहिलेली मिनिटं ते पृष्ठभागावर ओलं राहावं लागतं. ब्लीच आणि आम्लाचा टॉयलेट क्लीनर एकाच वेळी कधीच वापरायचे नाहीत, क्लोरीन वायू निघतो. सफाईच्या कपाटात दोन्ही बाटल्या शेजारी असतील तर एक काढूनच टाका. भांडी घासायचा स्पंज दर पाहुण्याला नवा. दर वेळी गादीच्या शिवणी टॉर्चने बघायच्या, काळे बारीक ठिपके दिसले तर ढेकणांचा संशय घ्या आणि पुढचं बुकिंग थांबवा.

आगीच्या बाबतीत काटकसर नको. धुराचा अलार्म प्रत्येक बेडरूममध्ये, बेडरूमच्या बाहेर आणि प्रत्येक मजल्यावर. शेगडीपासून तो निदान ३ मीटर लांब ठेवा, नाहीतर फोडणीला वाजेल आणि कुणीतरी त्याचे सेल काढून ठेवेल. त्यावर छापलेल्या उत्पादनाच्या तारखेपासून १० वर्षांनी अलार्म बदलायचा असतो, बटण दाबल्यावर वाजला तरीही. गॅसवर किंवा लाकडावर चालणारं काहीही घरात असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा हवा. या वायूला वास नसतो. गॅस गिझर बंदिस्त बाथरूमच्या आत असेल तर पाहुणे यायच्या आधी तो बाहेर काढा, यावर माझ्याकडे दुसरा सल्ला नाही. आग विझवायचं नळकांडं स्वयंपाकघराच्या दारापाशी, शेगडीच्या वर नको. शेगडीच पेटली तर हात तिथवर पोचणार नाही. विजेच्या बोर्डावरच्या प्रत्येक स्विचवर खोलीचं नाव लिहा, पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे त्याचा फोटो माहितीच्या कागदावर टाका.

कॅमेरा लावायचा विचार असेल तर फक्त बाहेर, आणि तो आहे हे जाहिरातीत आधीच सांगून. घरं भाड्याने देण्याच्या एअरबीएनबी या संकेतस्थळाने ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आत कॅमेरा लावायला जगभर बंदी घातली आहे, बैठकीच्या खोलीतलाही चालत नाही.

वायफायसाठी पाहुण्यांचं नेटवर्क वेगळं करा आणि वेग सगळ्यात लांबच्या पलंगावर बसून मोजा, राउटरशेजारी नाही. पासवर्डमध्ये शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि एल अशी फसवी जोडी नको. स्वयंपाकघरात ताटं, वाट्या, पेले पाहुण्यांच्या दुप्पट, म्हणजे प्रत्येक वेळी लगेच घासावं लागत नाही. एक खरोखर धार असलेली सुरी ठेवा. इंडक्शन शेगडी असेल तर प्रत्येक भांड्याच्या बुडाला लोहचुंबक लावून बघा, न चिकटणारं भांडं त्यावर तापतच नाही. फ्रिज आदल्या दिवशीच चालू करा, आत ४ अंश यायला वेळ लागतो.

स्थानिक परवाना, सोसायटीची संमती आणि विमा हे तिन्ही लेखी हवं. घराचा साधा विमा भाड्याने दिलेल्या मुक्कामात झालेलं नुकसान बऱ्याचदा भरून देत नाही, तेव्हा कंपनीला स्पष्ट विचारून उत्तर ईमेलवर घ्या.

पहिलं बुकिंग दोन माणसांचं, दोन-तीन रात्रींचं घ्या आणि त्याच्या आधीचा व नंतरचा दिवस रिकामा ठेवा. काही बिघडलं तर दुरुस्तीला जागा राहते. ते गेल्यावर साफसफाईच्या आधी तुम्ही स्वतः आत जा आणि पंधरा मिनिटं कशालाही हात न लावता फिरा. टॉवेल दाराच्या वरच्या कडेवर टाकलेला दिसला तर हुक चुकीच्या जागी आहेत. खुर्ची पलंगाशी ओढून आणलेली असेल तर तिथे टेबल हवंय. बटणावरच्या एखाद्या बारीक दिव्यावर टिश्यू चिकटवलेला असेल तर त्याचा उजेड रात्री डोळ्यांवर येतो. फोटो काढा, आणि मगच चादरी उचला.