बारा भावांची निरवानिरव

चि.स अनेक आशीर्वाद.

तुझं टिपण दोनदा वाचलं. बायबलमधल्या याकोबाचे बारा मुलगे मरणशय्येवरून आपापल्या लेकरांना निरवानिरवीचं बोलतात, तो ‘टेस्टामेंट्स ऑफ द ट्वेल्व्ह पॅट्रिआर्क्स’ हा ग्रीक ग्रंथ तू मन लावून वाचला आहेस. पण एका जागी मी अडलो. त्यांतल्या योसेफाच्या भाषणात कुमारिकेच्या पोटी निष्कलंक कोकरू जन्मतं, म्हणजे ही ख्रिस्ताचीच खूण. ती ओळ तू क्षेपक, म्हणजे नंतर कुणी घुसवलेली, म्हणून खोडलीस, तशा आणखी खोडल्यास, आणि उरलं ते मूळ यहूदी असं लिहिलंस. ख्रिस्ती दिसेल ते नंतरचं, असं धरूनच खोडत गेलं तर उरलेलं यहूदी दिसणारच. त्यात सिद्ध काय झालं?

या ग्रंथाचे संपादक आर. एच. चार्ल्स यांच्यासारखा जाणकारही इथे फसला. १९०८च्या त्यांच्या आवृत्तीत आर्मेनियन भाषांतराला फार वजन आहे, कारण त्यात काही ख्रिस्ती वाक्यं नाहीत. पुढे ध्यानात आलं की ते भाषांतर मुळातच काटछाट करणारं आहे, साधी वाक्यंही गाळतं. १९५३ मध्ये डच अभ्यासक मारिनुस द योंग यांनी बाजू उलटवली: ग्रंथ रचला ख्रिस्ती माणसाने, जुनी यहूदी सामग्री हाताशी घेऊन. मला हेच पटतं.

ती सामग्री खरोखर होती, याचा पुरावा बारांपैकी लेवी या भावापाशी आहे. ग्रीसमधल्या अ‍ॅथॉस पर्वतावरच्या एका ख्रिस्ती मठातल्या ग्रीक प्रतीत लेवीच्या भाषणात लांबलचक भर आहे, इतर प्रतींत नसलेली. ती मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहांतल्या आणि कैरोच्या जुन्या यहूदी सभास्थानाच्या कोठीतल्या अरामी भाषेतल्या तुकड्यांशी जुळते! ख्रिस्ती मठाने जपलेला मजकूर आणि मृत समुद्राकाठच्या यहूद्यांचा मजकूर एकमेकांना ओळख देतात. हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. पण बारांचा अख्खा संच कुमरानला मिळालेला नाही, हेही लिही.

येशूचा उल्लेख नाही म्हणून लिखाण यहूदी, असंही म्हणू नकोस. जुन्या करारातल्या कथेवर ख्रिस्ती उपदेशक त्याचं नाव न घेता पुष्कळ लिहू शकतो. शिवाय येशूचे पहिले अनुयायी स्वतः यहूदीच होते. म्हणून अभ्यासक रॉबर्ट क्राफ्ट सांगत तशी सुरुवात कर: ज्यांनी ही प्रत लिहिली, जपली, त्या ख्रिस्ती हातांपासून मागे जा. जिथे पुरावा थांबेल तिथे तूही थांब. एखाद्या समाजाने न लिहिलेलं त्याच्या नावावर घालणं मला अन्याय वाटतो.

आधी फक्त लेवी घे. अ‍ॅथॉसची भर आणि अरामी तुकडे दोन रकान्यांत शेजारी मांड, आणि ते पान मला पाठव.