आरव्हीची (राहण्याची सोय असलेल्या गाडीची) बॅटरी हिवाळ्यात: नुसत्या स्विचवर जाऊ नका

"बॅटरी फुल चार्ज केली, मेन स्विच बंद केला, आता एप्रिलपर्यंत आरव्ही यार्डात उभी. एवढं पुरे ना?" असं तुम्ही विचारलंय. अमेरिकेतल्या कडक थंडीच्या मिनेसोटातल्या पहिल्या हिवाळ्यात मीही एवढंच केलं होतं. मार्चमध्ये बघतो तर बॅटरी फुगलेली आणि कडेला तडा.

सगळ्यांनी थंडीला नावं ठेवली, पण दोष थंडीचा नव्हता. साधी लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर उणे ४० लाही गोठत नाही, कारण आतलं ॲसिड दाट असतं. ती उतरत जाते तसतसं ॲसिड पातळ होत जातं आणि शेवटी जवळपास पाणीच उरतं. पार उतरलेली बॅटरी उणे ७-८ सेल्सिअसलाच गोठते. तेवढी थंडी आपल्याकडे नोव्हेंबरातच पडते.

स्विच बंद असून उतरली कशी? बऱ्याच आरव्हींमध्ये एलपी गॅसचा डिटेक्टर (गॅसगळती ओळखणारं यंत्र) स्विचला न जुमानता थेट बॅटरीला जोडलेला असतो. माझ्या गाडीत तसंच निघालं. असली बारीकसारीक विजेची गळती मिळून १०० मिलिअँपिअर धरा. दिवसाला २.४ अँपिअर-अवर गेले, म्हणजे १०० अँपिअर-अवरची बॅटरी दीड महिन्याच्या आत रिकामी! त्यामुळे तारा सोडवा आणि बॅटरी घरी आणा. आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह; लावताना उलटा क्रम. सहा व्होल्टच्या दोन असतील तर आधी तारांच्या जोडणीचा फोटो काढून ठेवा. मी काढला नव्हता, एप्रिलमधला अख्खा शनिवार त्यात गेला.

गॅरेज गरम नसलं तरी चालतं. काँक्रीटच्या फरशीवर ठेवली की बॅटरी उतरते, असं कुणीतरी सांगेलच. आताच्या प्लास्टिकच्या डब्यांना ते लागू नाही, खुशाल ठेवा. महिन्यातून एकदा मल्टिमीटर लावा: चार्जिंगनंतर काही तासांनी १२.६ व्होल्टच्या वर हवं, १२.४ च्या खाली गेलं की परत चार्ज. आळस असेल तर चांगला मेंटेनर (बॅटरी आपोआप भरलेली ठेवणारा छोटा चार्जर) घ्या. जुन्या कन्व्हर्टरवर (आरव्हीतल्या चार्जरवर) महिनोन्‌महिने लावून ठेवू नका, पाणी आटवून टाकतो. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावरच भरायचं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडण्यापुरतं आधी. चार्ज होताना पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो, तेव्हा तळघरात वॉटर हीटरशेजारी ठेवायचा विचार सोडा. आणि गोठलेली बॅटरी चुकूनही चार्जरला लावू नका, फुटू शकते.

हे सगळं लेड-ॲसिडचं. तुमची लिथियम असेल तर हिशेब वेगळा: ती फुल नाही, साधारण अर्धी भरून ठेवतात, आणि शून्याखाली चार्ज करायची नाही, हीटर असलेलं मॉडेल सोडून. लेबलचा फोटो टाका, मग नेमकं सांगतो.